भरपाई करायला आलेला माणूस : व्हेरियर एल्विन



या पानावर आम्ही बहुधा संतांची चरित्रे देतो. आज ज्यांच्याविषयी लिहीत आहोत ते संत नव्हते, कॅथलिकही नव्हते. त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग कोणत्याही ख्रिस्तसभेच्या बाहेर गेला आणि आपल्या मिशनऱ्यांवर त्यांनी कडक टीका केली. तरीही त्यांचे चरित्र आपल्या धर्मग्रामाने वाचावे असे आम्हांला वाटते. कारण समेट करायचा म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न त्यांनी जन्मभर उराशी धरला. त्या शोधाची सुरुवात आपल्या पुण्यात झाली, हे दुसरे कारण. तिसरे कारण आमच्या स्वतःच्या एका चुकीचे आहे. ते शेवटी सांगतो.

त्यांचे नाव व्हेरियर एल्विन. जन्म इंग्लंडमधील डोव्हर येथे, २९ ऑगस्ट १९०२ रोजी. वडील अँग्लिकन पंथाचे बिशप होते व पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन येथे सेवा करीत. मुलगा जेमतेम सात वर्षांचा असताना ते तापाने वारले. आईने घर सांभाळले ते प्रार्थना आणि पवित्र शास्त्र यांच्या आधारावर. व्हेरियर अभ्यासात अतिशय हुशार. ऑक्सफर्ड विद्यापीठात इंग्रजी व ईश्वरज्ञान या दोन्ही विषयांत पहिला वर्ग, त्यानंतर गुरुदीक्षा, आणि चोविसाव्या वर्षी धर्मगुरू घडविणाऱ्या एका विद्यालयाचे उपप्राचार्यपद. पुढे प्राध्यापक होणे, नाही तर वडिलांसारखे बिशप होणे, असा मार्ग आखलेलाच होता.

तो मार्ग सोडून ते हिंदुस्थानात आले. त्या काळी इंग्रज येथे येत ते राज्य करायला, व्यापार करायला किंवा धर्म शिकवायला. एल्विन यांच्या मनात वेगळीच गोष्ट होती. आपल्या देशाने या देशाकडून पुष्कळ घेतले आहे, येथील माणसांना कमी लेखले आहे, तेव्हा आपल्यापैकी कोणी तरी घेण्यासाठी नव्हे तर देण्यासाठी तेथे गेले पाहिजे, असे त्यांना वाटत होते. आपण पापनिवेदनाला जातो तेव्हा धर्मगुरू आपल्याला प्रायश्चित्त देतात. हा तरुण स्वतःच्या नव्हे, तर आपल्या साऱ्या समाजाच्या अपराधाचे प्रायश्चित्त घ्यायला निघाला होता.

पुण्याचा आश्रम

१९२७च्या अखेरीस एल्विन पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात दाखल झाले. फादर जॅक विन्स्लो यांनी हा संघ १९२२ साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात सुरू केला होता. विन्स्लो यांच्यावर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा मोठा प्रभाव होता. ख्रिस्त या भूमीत यायचा तर साहेबाच्या वेषात येऊन चालणार नाही, ही टिळकांची तळमळ विन्स्लो यांनी उचलली. संघात गोरे आणि देशी बंधू एकत्र राहत, खादी नेसत, जमिनीवर बसून शाकाहारी जेवण घेत. गोरा वर आणि काळा खाली ही उतरंड तेथे नव्हती. पुण्यात शिवाजीनगरला या संघाचा आश्रम उभा राहिला. त्याच जागी १९७२ पासून कॅथलिक व्रतस्थ भगिनी आणि अँग्लिकन भगिनी यांनी मिळून ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम चालविला. आपल्यापैकी काहीजण तेथे मौनसाधनेला जाऊन आलेही असतील.

या आश्रमात एल्विन यांना एक मराठी मित्र मिळाला. त्याचे नाव शामराव हिवाळे. ही मैत्री दोघांच्याही आयुष्याला वळण देणारी ठरली. एल्विन यांची कीर्ती जगभर झाली, शामरावांचे नाव मात्र आपल्या मराठी ख्रिस्ती समाजातही फारसे कोणी घेत नाही. एल्विन यांच्या पुढच्या कामातला रोजचा, न दिसणारा, घाम गाळणारा वाटा मात्र शामरावांचा होता.

जानेवारी १९२८ मध्ये साबरमती आश्रमात निरनिराळ्या धर्मांच्या लोकांची एक परिषद भरली. तेथे एल्विन यांची गांधीजींशी भेट झाली. आपल्या शेजारच्या उरुळी कांचनला गांधीजी १९४६ साली राहून गेले, त्यामुळे त्यांची ओढ काय असते हे या भागातील जुन्या लोकांनी पाहिले होते. तरुण एल्विन तर पुरते भारावून गेले. ते उघडपणे स्वातंत्र्याच्या बाजूने लिहू लागले. इंग्रज सरकारला आपल्याच एका धर्मगुरूने असे करावे हे सहन होण्यासारखे नव्हते आणि संघातही त्यावरून ताण निर्माण झाला. १९३१ साली एल्विन संघातून बाहेर पडले. ४ जानेवारी १९३२च्या पहाटे मुंबईच्या मणिभवनातून पोलिसांनी गांधीजींना अटक केली, तेव्हा एल्विन आणि शामराव दोघेही त्याच घरात मुक्कामाला होते.

करंजियाचा डोंगर

आता सेवा करायची ती कोठे? जमनालाल बजाज यांनी त्यांचे लक्ष मध्य प्रांतातील गोंड आदिवासींकडे वेधले. या लोकांकडे फारसे कोणी फिरकले नव्हते. जानेवारी १९३२ संपता संपता हे दोघे मित्र मंडला जिल्ह्यातील मैकल डोंगरात, करंजिया नावाच्या खेड्यात पोचले. अमरकंटक, जेथे नर्मदा उगम पावते, तेथून हे गाव फार दूर नाही. तेथे त्यांनी झोपड्या बांधल्या आणि आश्रमाला नाव दिले असिसीकर संत फ्रान्सिसचे. दवाखाना सुरू केला, शाळा काढल्या, पुढे कुष्ठरोग्यांसाठी निवारा उभारला. गावकरी एल्विन यांना बडा भाई व शामरावांना छोटा भाई म्हणू लागले. साहेब नाही, फादर नाही, भाई.

सुरुवातीला हे दोघे पुष्कळ काही शिकवायला गेले होते. सूतकताई, दारूबंदी, स्वच्छता, प्रार्थना. हळूहळू त्यांच्या ध्यानात आले की तेथे कापूसच पिकत नाही, मग चरखा कशाला? जंगलातल्या माणसाचे सण, नाच, गाणी, देवाला दाखवायचा नैवेद्य, हे सगळे वाईट म्हणून टाकून द्यायला सांगितले तर त्याच्याजवळ उरते काय? शिकवायला आलेले हे दोघे शिकायला बसले. गोंड आणि परधान म्हाताऱ्यांची गाणी आणि गोष्टी ते रात्र रात्र ऐकून लिहून घेऊ लागले. अशा शेकडो गाण्यांची पुस्तके त्या दोघांनी मिळून काढली. परधानांवर शामरावांनी १९४६ साली स्वतंत्र पुस्तक लिहिले.

याच काळात त्यांची बैगा लोकांशी ओळख झाली. बैगा डोंगरउतारावरची झाडे तोडून, ती जाळून, त्या राखेत बी टाकतात. या शेतीला बेवर म्हणतात. नांगर चालविणे म्हणजे धरणीमातेची छाती फाडणे, अशी त्यांची श्रद्धा. इंग्रजांच्या जंगल खात्याने बेवर बंद केली, जंगल राखीव केले आणि बैगांना १८९० साली एका ठरावीक टापूपुरती मोकळीक ठेवली. काल जो जंगलाचा राजा होता तो एका कागदाने जंगलातला चोर ठरला. लाकूड तोडले तर गुन्हा, शिकार केली तर गुन्हा, घरची दारू गाळली तर गुन्हा. मग कोर्ट, वकील, सावकार, कर्ज. एल्विन यांनी १९३९ साली बैगांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात दाखवून दिले की आदिवासीची गरिबी ही त्याच्या आळसातून आलेली नाही. जमीन, जंगल आणि मान हे तिन्ही हिरावून घेतल्यावर माणसाची उमेदच खचते.

ख्रिस्तसभेशी ताटातूट

येथपर्यंतची कथा वाचून कोणाही ख्रिस्ती माणसाला आनंद व्हावा. पण पुढचा भाग दुःखाचा आहे आणि तो आम्ही गाळणार नाही.

करंजिया ज्या अँग्लिकन बिशपांच्या हद्दीत येत होते, त्यांनी एल्विन यांना धर्मगुरू म्हणून काम करण्याचा परवाना नाकारला. इंग्रज राजाशी निष्ठेची शपथ घ्या, मग परवाना देतो, अशी अट होती. एल्विन यांना ती मान्य होण्यासारखी नव्हती. ज्या सत्तेने केलेल्या अन्यायाचे प्रायश्चित्त घ्यायला आपण आलो, तिच्याच नावाने शपथ कशी घ्यायची? आणि गोंडांना कोणत्या तोंडाने सांगायचे, की प्रभूच्या वेदीजवळ येण्यासाठी आधी राजाच्या दारातून यावे लागते? काही वर्षे त्यांनी वाट पाहिली. शेवटी १९३५ साली त्यांनी गुरुपद सोडले व आपल्या ख्रिस्तसभेशी असलेले नातेही तोडले. पुढे ते परत आले नाहीत.

दोष कोणाचा हे ठरविण्याचा अधिकार आम्हांला नाही. एक मात्र दिसते. राजसत्तेचा हात धरून चालणाऱ्या ख्रिस्तसभेने एक उत्तम धर्मगुरू गमावला आणि त्या डोंगरातल्या लोकांनी आपला भाई गमावला नाही.

१९४४ साली एल्विन आणि शामराव यांचा आपल्या कॅथलिक मिशनशीही संघर्ष झाला. मंडला जिल्ह्यात हॉलंडहून आलेल्या फादरांनी खेडोपाडी शाळा उघडल्या होत्या. शाळा व कर्ज यांच्या आधाराने भोळ्या लोकांना धर्मात ओढले जात आहे, असा आरोप या दोघांनी वर्तमानपत्रांतून केला. त्या फादरांनी घनदाट जंगलात, तापाच्या मुलखात, आपले तारुण्य झिजवले, मुलांना अक्षरओळख दिली, हेही खरे आहे आणि ते विसरणे कृतघ्नपणाचे होईल. मग आरोपाचे काय? आम्हांला वाटते, आरोप करणारा माणूस लबाड नव्हता, एवढे तरी आपण मान्य करावे. ज्याने आदिवासींसोबत बारा वर्षे काढली होती तो काही सांगत असेल तर ते कान देऊन ऐकण्यासारखे होते.

एल्विन यांचे निधन झाले त्याच्या पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मिशनकार्याविषयीचा आपला आदेश प्रसिद्ध केला. कोणालाही सक्तीने, आमिषाने वा अडचणीत गाठून धर्मात आणणे ख्रिस्तसभेला मंजूर नाही, हे त्यात स्वच्छ सांगितले आहे. ज्या लोकांत आपण जातो त्यांच्या परंपरेत देवाने पेरलेले बी आदराने शोधावे, हेही सांगितले आहे. हे वाचायला एल्विन हयात असते तर त्यांना काय वाटले असते, असा विचार मनात येऊन जातो.

चुका त्यांच्याही

आदिवासींना बाहेरच्या जगापासून वाचविण्यासाठी त्यांचा मुलूख राखून ठेवावा, अशी सूचना एल्विन यांनी एकदा केली. त्यावर टीकेची झोड उठली. मुंबई विद्यापीठातील आपले मराठी समाजशास्त्रज्ञ डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९४३ साली पुस्तक लिहून त्यांना उत्तर दिले. ठक्कर बाप्पांनीही विरोध केला. माणसांना संग्रहालयातील वस्तूंसारखे ठेवता येत नाही, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. एल्विन यांनी पुढे आपले म्हणणे बदलले.

घरातली चूक अधिक जिव्हारी लागणारी आहे. १९४० साली त्यांनी एका गोंड तरुणीशी विवाह केला. तो विवाह १९४९ साली मोडला. ते पुढे मोठ्या हुद्द्यावर गेले, ती बाई खेड्यात हलाखीत राहिली. ज्या माणसाने साऱ्या देशाला आदिवासींचा मान राखायला शिकविले, त्याला स्वतःच्या उंबरठ्याच्या आत तो राखता आला नाही. हे लिहिताना आम्हांला त्यांना खाली पाडायचे नाही. समेटाची भाषा बोलणाऱ्या प्रत्येकाने आधी आपल्या घरात पाहावे, एवढेच यातून घ्यायचे.

ईशान्येचे दिवस

देश स्वतंत्र झाला. पुष्कळ इंग्रज गेले, एल्विन राहिले. १९५४ साली ते भारताचे नागरिक झाले. त्याच वर्षी, आज ज्याला आपण अरुणाचल प्रदेश म्हणतो त्या सरहद्द प्रदेशाच्या कारभारात आदिवासींविषयीचे सल्लागार म्हणून त्यांची नेमणूक झाली. शिलाँगला राहून ते डोंगरदऱ्या पायी तुडवीत गावोगाव जात. त्या लोकांवर आपली भाषा, आपला पोशाख, आपल्या सवयी लादू नका. त्यांच्या जमिनी व जंगले यांवरील हक्क राखा. बाहेरचे फार लोक तेथे घुसवू नका. किती पैसा खर्च केला यावर नव्हे, माणूस कसा उमलला यावर कामाची किंमत करा, असे धोरण त्यांनी मांडले व पंतप्रधान नेहरूंनी ते उचलून धरले. शामराव मात्र मंडलाच्या मुलखातच राहिले.

१९६१ साली एल्विन यांना पद्मभूषण मिळाले. २२ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीत हृदयविकाराने त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या आत्मचरित्राला मृत्यूनंतर साहित्य अकादमीचा पुरस्कार देण्यात आला.

ख्रिस्तसभेने मागितलेली क्षमा

एल्विन एकटे जे करू पाहत होते, ते करायला ख्रिस्तसभेला वेळ लागला. पण ती त्या वाटेला लागली. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये ख्रिस्तसभेच्या लेकरांनी केलेल्या पापांबद्दल देवाजवळ क्षमा मागितली; त्यात इतर संस्कृतींचा व धर्मांचा केलेला अवमानही होता. जुलै २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस आजारी गुडघ्यानिशी, चाकाच्या खुर्चीत बसून कॅनडाला गेले. तेथे सरकारने काढलेल्या व मिशनऱ्यांनी चालविलेल्या निवासी शाळांतून मूळनिवासी मुलांना आईबापांपासून तोडले गेले होते, त्यांची भाषा बंद केली गेली होती. त्या लोकांच्या भूमीवर जाऊन पोप महोदयांनी त्यांची क्षमा मागितली. ३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकनने आणखी एक पाऊल टाकले. नवी भूमी शोधून काढणाऱ्या ख्रिस्ती राजांना तेथील मूळनिवाशांची जमीन आपली म्हणता येते, ही जुनी कल्पना ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीचा भाग नाही, असे जाहीर करून ती नाकारली.

आपल्या वेशीपाशी

कोणी म्हणेल, कॅनडा कोठे, मंडला कोठे, आणि आपली कासुर्डी कोठे. म्हणून आता आमच्या चुकीकडे येतो.

आपल्या दौंड-शिरूर भागात उसाच्या फडांच्या आणि गुऱ्हाळांच्या आसपास, माळावर, पारधी बांधवांची पाले आहेत. पारधी हे महाराष्ट्रातील अनुसूचित जमातींपैकी आहेत. बैगा जसा एका कागदाने चोर ठरला, तसाच पारधीही ठरला. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि अशा अनेक जमातींवर जन्मतःच शिक्का मारला. मूल पाळण्यात असतानाच गुन्हेगार! सोलापुरात तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत होती आणि तिचा कारभार काही काळ अमेरिकन मिशनकडे होता. म्हणजे या कथेतही ख्रिस्ती माणसे बाजूला उभी नव्हती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. कायद्यातून शिक्का गेला, आपल्या डोळ्यांतून गेला का?

मागे एकदा आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या विहिरीवरील मोटारीची केबल नाहीशी झाली. बसल्या बैठकीत चारजणांनी पालांकडे बोट दाखविले. आम्हीही त्या बैठकीत होतो आणि आम्हीही मान हलविली. दोन दिवसांनी कळले की घरातल्याच एकाने केबल दुरुस्तीला नेली होती. सगळे हसले आणि विषय संपला. पण त्या दोन दिवसांत पालांवर जाऊन दमदाटी झाली होती, बायामुले घाबरून गेली होती. त्यांच्याकडे जाऊन चूक झाली म्हणावे असे कोणाच्या मनात आले नाही. आमच्याही आले नाही. त्या रविवारी आम्ही मिस्साला आलो, शांतीचा नमस्कार केला, ख्रिस्तशरीर स्वीकारले आणि घरी गेलो. एल्विन यांचे चरित्र वाचताना तो रविवार आम्हांला आठवला आणि खरोखर लाज वाटली. यथावकाश आम्ही पालांवर गेलो. ती माणसे पुढे गेली होती. क्षमा मागायलाही वेळ असते, हे तेव्हा समजले.

म्हणून आमच्या धर्मग्रामाने पुढील साध्या गोष्टी कराव्यात अशी आमची विनंती आहे. चोरीचा संशय आला की पुराव्यावाचून कोणत्याही जमातीचे नाव तोंडातून काढायचे नाही; आपल्या मुलांसमोर तर नाहीच. पारधी मुलांना शाळेत बाकावर शेजारी जागा द्यायला आपल्या मुलांना सांगायचे. पुष्कळ कुटुंबांना जन्माची नोंद, जातीचा दाखला, रेशनकार्ड यांसाठी खेटे घालावे लागतात. आपल्यातील जे नोकरी करतात, ज्यांना अर्ज लिहिता येतो, त्यांनी त्यांच्यासोबत तहसील कचेरीत जायचे. आणि हे करताना मनात कोणताही हिशेब ठेवायचा नाही. त्यांनी आपल्या चर्चमध्ये यावे म्हणून नव्हे. आपण त्यांचे देणे लागतो म्हणून. पालावर गेलो तर प्रथम बसायचे, ऐकायचे, त्यांनी दिलेला चहा घ्यायचा.

प्रभू येशूने सांगितले आहे की वेदीजवळ अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करायला जावे. आपल्याला भावाविरुद्ध काय वाटते हे प्रभू विचारत नाही. भावाला आपल्याविरुद्ध काय वाटते, हे तो विचारतो. पालावरच्या माणसाला आपल्याविषयी काय वाटते, हे आपण कधी विचारले आहे का?

या आठवड्यात कुटुंबाच्या रोझरीत एक रहस्य आपल्या भागातील पारधी, कातकरी, ठाकर या बांधवांसाठी अर्पण करू या. त्यांच्याबरोबर व्हेरियर एल्विन आणि शामराव हिवाळे यांचीही प्रभूला आठवण करून देऊ या. एक ख्रिस्तसभा सोडून गेला, दुसऱ्याचे नाव आपण विसरलो; पण तहानलेल्याला पेलाभर पाणी देणाऱ्याला प्रभू विसरत नाही.